गुलाबी सॅटिनचे पाच झगे

गुरुवार, १९ नोव्हेंबर १९६४. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळांच्या कारखान्यातल्या जुळणी विभागात कल्याण अधिकारी विश्वासराव एक लाकडी पट्टी घेऊन आले आणि त्यांनी मुलींची उंची मोजली. अकरा वाजायच्या आत मोजणी संपली आणि सगळ्यांत ठेंगण्या पाच जणी बाजूला उभ्या राहिल्या. सोमवारी जपानहून पाच पाहुणे येणार होते. कारखान्याची यंत्रं त्यांची होती, घड्याळाचा आराखडाही त्यांचाच. "नुसते हार काय, कुणीही घालतं," विश्वासराव म्हणाले. "आपण त्यांना त्यांचंच घर दाखवायचं. किमोनो, कागदी छत्री, केसांत भलंमोठं फूल. पाच जपानी बाहुल्या! आणि वसुमती, तू मधोमध. तुला काय, खोक्यातून काढून नुसती उभी करायची." मुली खळखळून हसल्या. वसुमतीही हसली. चार फूट आठ इंच. पाचांत सगळ्यांत ठेंगणी तीच होती आणि वयानं सगळ्यांत मोठीही. सत्ताविसावं सरून दोन महिने झाले होते. आपल्या जागेवर परत येऊन तिनं भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं केसाएवढी स्प्रिंग उचलली, आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की आपण हसलो. हसू आधी आलं होतं, बोलण्याचा अर्थ मागाहून पोचला. उचललेली स्प्रिंग तिनं परत खाली ठेवली. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी तिची मुलाखत होती. तपासनीसाच्या जागा निघाल्या होत्या, एकूण सहा. जुळणीच्या बाकांवर सगळ्या मुली आणि तपासणीच्या काचेच्या खोलीत सगळे पुरुष, अशी कारखान्याची पहिल्या दिवसापासूनची रीत. मुलींची बोटं नाजूक असतात म्हणून जुळणीला मुली, असं सगळे म्हणत. तपासणीला पुरुष का, ते कुणी म्हणत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी वसुमतीनं अर्ज टाकला तो तिच्या बाकावरून गेलेला एकही नग वर्षभरात सदोष म्हणून परत आला नव्हता म्हणून नव्हे, तर काचेच्या खोलीनं 'पास' करून पुढच्या जुळणीला पाठवलेल्या नगांतले दोष तिला दिसत होते म्हणून. मुलाखतीला तिघं बसणार होते: कारखान्याचे व्यवस्थापक, पाहुण्यांपैकी एक इंजिनियर, आणि विश्वासराव. म्हणजे सोमवारी ज्याच्यापुढं छत्री फिरवत कमरेत वाकायचं, मंगळवारी त्याच्याचसमोर खुर्चीत बसून सांगायचं की तुमच्या आराखड्याचं घड्याळ आमची माणसं नीट तपासत नाहीत. कोण ऐकून घेईल? बाहुली तक्रार करते आहे म्हटल्यावर माणूस काय करतो? तिची चावी कुठं आहे ते बघतो.

नाही म्हणायला तोंड उघडलं नाही याचा तिला राग येत होता, पण नवल वाटत नव्हतं. गोडपणावर ती वाढली होती. बसवनगुडीतल्या घरी ती शेंडेफळ. चौदा वर्षांची होईतो अम्मा तिला फुग्यांच्या बाह्यांचे झगे शिवायची, कारण ते तिला व्हायचे आणि शोभायचेही. शेजारच्या बायका गालाला हात लावून स्वतःच्या बोटांचा मुका घ्यायच्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी 'जपानी बाहुली'चा नाच असे आणि दर वर्षी मधली बाहुली तीच. कुणाच्या तरी वडिलांचा रेशमी ड्रेसिंग गाऊन दुमडून अंगावर चढवायचा, अंबाड्यात विणायच्या दोन सुया खोचायच्या, हातात पंखा. मग टाचा न टेकता तुरुतुरु चालायचं, मान एकदा इकडं, एकदा तिकडं कलवायची. जपानात माणसं अशीच चालतात, अशी गायनाच्या बाईंची खातरी होती आणि बाईंनी ती सगळ्या वर्गाला दिली होती. टाळ्या पडत. मुख्याध्यापक हातावर पेढा ठेवत. त्याच मुख्याध्यापकांना तिनं एकदा सांगितलं होतं की गणिताच्या सरांनी फळ्यावर चुकीचं उत्तर काढलंय. त्यांनी तिचं सगळं ऐकलं, डोळे भरून ऐकलं, आणि म्हणाले, "किती गोड बोलते बघा." लोक तिचं बोलणं ऐकत नसत, बघत. हे तिला तेव्हाही कळलं होतं, पण पेढा हातात होता. कॉलेजला जाताना बसचा कंडक्टर अर्धं तिकीट फाडायचा आणि ती सहा महिने काही बोलली नव्हती. त्या सहा महिन्यांची आठवण आली की अजून तिच्या कानांच्या पाळ्या तापत. तेव्हापासून तिला एक सवय जडली होती: बोलून झालं की हसायचं. हसून वाक्याचं टोक बोथट करायचं आणि मगच वाक्य समोरच्याच्या हाती द्यायचं.

आणि खरं तर ती स्वतः तरी कुठं वेगळी होती? दोन वर्षांपूर्वी शिकवायला जपानी बाई येणार म्हटल्यावर सगळ्या विभागानं मनात एक बाहुली उभी केली होती, तिनंही. आल्या त्या हायाशी-सान, म्हणजे हायाशीबाई. चाळिशीच्या, रुंद खांद्यांच्या, राखाडी कोट आणि विजार घातलेल्या. केस मानेवर सरळ कापलेले, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. उभ्याउभ्या डबा खायच्या आणि हसल्या की टेबलावरचे चिमटे नाचायचे. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलींच्या चेहऱ्यांवर फसवले गेल्याचा भाव होता. "ही कसली जपानी?" कुणीतरी म्हणालं आणि वसुमतीला ते पटलं होतं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

शनिवारी दुपारी तीनला पाचही जणी चिकपेटात रघुजींच्या दुकानी अंगावर घालून बघायला गेल्या. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना ठाणांच्या थप्प्या, हमालांची 'सरी, सरी, बाजू' अशी वाट मागणारी ओरड, आणि जिन्यावर ओल्या सुताचा आणि इस्त्रीच्या कोळशाचा वास. रघुजी सत्तरीला आलेले; घराणं तीनशे वर्षांपासून या मुलखातलं, घरात मराठी, पण निम्मे शब्द कानडी. चाळीस वर्षं त्यांनी छावणीतल्या गोऱ्या मडमांचे कोट शिवले होते. सॅटिन विश्वासरावांनी निवडलं होतं, फिकट गुलाबी. कडेनं झालर आणि पाठीवर उशीएवढी गाठ, तीही त्यांच्याच सांगण्यावरून. एकोणीस वर्षांची नीला आधी आरशापुढं गेली. तिनं हात पसरले, बाह्या पंखांसारख्या खाली लोंबल्या, आणि ती स्वतःशीच गिरकी घेऊन म्हणाली, "अय्यो, मी किती छान दिसतेय!" त्यात खोटं काही नव्हतं. वसुमतीला तिचा हेवा वाटला. नीलाला छान दिसायचं होतं, ती छान दिसत होती, हिशेब तिथंच मिटत होता. आपल्याला कधी असं नुसतं छान दिसता आलं का, की दर वेळी त्यातून काहीतरी मिळवायचंच होतं? मग तिनं आपला झगा चढवला. रघुजींनी पुढं येऊन डावी बाजू आत सारली, उजवी तिच्यावर आणली आणि चार टिचबटणं दाबली. टिच, टिच, टिच, टिच. आरशात एक गुलाबी बाहुली उभी होती. वसुमती बघत राहिली. काचेखाली एखादं यंत्र ठीक चाललेलं असतं आणि तरी कुठंतरी काहीतरी उलटं आहे असं डोळ्याला कळतं, नावानिशी सांगता मात्र येत नाही, तसं तिला झालं.

मग त्या दोषाचं नाव आठवलं. गेल्या वर्षी एकदा तिनंच हायाशी-सानना विचारलं होतं, तुम्ही किमोनो का घालत नाही? मोडक्या इंग्रजीत त्या तुकड्यातुकड्यांनी बोलल्या होत्या. आईचे सगळे किमोनो लढाईनंतर तांदळापायी गेले, एक राहिला. तो आईला शेवटच्या दिवशी नेसवला. हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात कंपनीनं मला किमोनो घालून यंत्राशेजारी उभं केलं; ते यंत्र मी बसवलेलं. बघायला आलेल्या साहेबानं मला चहा आणायला सांगितलं. हे म्हणून त्या मोठ्यानं हसल्या होत्या, चिमटे नाचले होते. मग हसू संपवून त्यांनी आपल्या राखाडी कोटाच्या दोन्ही बाजू धरल्या. डावी उजवीवर आणली: "जिवंत माणूस." मग उजवी डावीवर आणली. नुसते डोळे मिटले.

"रघुजीअण्णा," वसुमती म्हणाली, "हे उलटं झालंय."

"उलटं?" रघुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठं उलटं? उसवलंय का कुठं?"

"बाजू. डावी वर पाहिजे."

रघुजींना राग येण्याऐवजी दया आली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. विश्वासरावांनी नमुना म्हणून पाठवलेलं. फुललेल्या झाडाखाली एक जपानी बाई उभी होती आणि तिची डावी बाजू वर होती. "हे बघूनच म्हणालीस न्हवं? अक्का, चित्र उलटं छापलंय. छापखान्यातली पोरं काच उलटी धरतात, त्यांना काय कळतंय. डावी वर पुरुषांची. बायकांचा कोट उजवी वर. चाळीस वर्षं शिवालोय, कर्नलच्या बायकोलाही शिवलाय. म्हणून मी सुलटं केलं."

"जपानात बाई असो, बुवा असो, डावीच वर."

"मग उजवी वर कुणाची?"

तिनं नीलाकडं पाहिलं. नीला अजून बाह्या हलवून बघत होती. वसुमतीनं आवाज खाली आणला. "श्राद्धाला जानवं कुठल्या खांद्यावर घेता, अण्णा?"

रघुजींचा हात सदऱ्यावरून आपोआप उजव्या खांद्याकडं गेला आणि तिथंच थांबला. पाची झग्यांकडं, म्हणजे चौघींच्या अंगावरच्या आणि तिच्याही, त्यांनी एकेक करून पाहिलं; ओठ हलत होते. "राम राम राम," ते म्हणाले. "पाच पोरी. माझ्या हातानं." मग कारागीर जागा झाला. "झालर उसवायची. बटणं फिरवायची. आतली पट्टी नवी लावली पाहिजे. उद्याचा दिवस आहे. काढा गं, काढा आधी ते अंगातलं! स्वल्प दम नाही यांना, मिरवालेत!"

"पाच नकोत, चारच करा," वसुमती म्हणाली. हे आपण बोलणार आहोत हे तिला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं.

रविवारी ती घराच्या पुढच्या पडवीत बसून राहिली. अप्पांनी, तिच्या वडिलांनी, दोनदा विचारलं, "काय गं, ताप आहे काय?" ताप नव्हता. तिच्यापुढं एक सोपी वाट होती आणि ती वाट फार गुळगुळीत होती. विश्वासरावांना जाऊन सांगायचं, साहेब, मोठी फजिती होणार होती, मी वाचवलं. ते खूश झाले असते, पाठीवर थाप मारली असती, आणि सोमवारी बिनचूक झग्यातली बिनचूक बाहुली मधोमध उभी राहिली असती. दुसरी वाट अशी, की काल गप्पच राहायला हवं होतं. पाहुण्यांच्या समोर छत्र्या फिरवत पाच कलेवरं आली असती. या दुसऱ्या वाटेवर ती बराच वेळ रेंगाळली. विश्वासरावांचा चेहरा, पाहुण्यांचा चेहरा. त्यात एक तिखट सुख होतं. पण दोष दिसूनही सोडून द्यायचा असेल तर काचेच्या खोलीत जायचं कशाला? त्या खोलीत हे आधीच होत होतं. आणि विश्वासराव काही वाईट माणूस नव्हता. मुलींसाठी कारखान्याची बस भांडून आणली ती त्यांनीच. पुण्याहून आलेला, बायकोचं आजारपण काढणारा, सगळ्या मुलींची नावं पाठ असलेला माणूस. त्याला ती दिसत नव्हती, एवढंच. दुपारी चारला तिनं कागद घेतला आणि कारखान्यात सदोष नगाला जशी चिठ्ठी लावतात तशी चिठ्ठी लिहिली. नग: पाच. दोष: उजवी बाजू वर. कारण: जपानात असा पोशाख फक्त मृताला नेसवतात. उपाय: चार नग दुरुस्त, शिंपी रघुजी, चिकपेट. पाचवा नग रद्द. पाहुणे येतील तेव्हा मी माझ्या बाकावर कामात असेन. खाली सही. तपासनीसाच्या सहीच्या जागी ती प्रथमच सही करत होती आणि ती जागा तिची नव्हती.

सोमवारी आठ वाजून पाच मिनिटांनी विश्वासराव आपल्या खोलीत चहाच्या बशीत बोट बुडवून चहा किती गरम आहे ते बघत होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, शेवटची ओळ आधी वाचली आणि हसले. "अगं, रुसलीस होय? काय झालं? मधोमध नको का? नीलाला करू मधली?"

"मला उभं राहायचंच नाही, साहेब."

"वा! रागावलीस की तू आणखीनच गोड दिसतेस."

इथं तिचं हसू यायची जागा होती. ओठ तयारही झाले. सत्तावीस वर्षांची वळणं होती ती, आपोआप वळली. तिनं ओठ मिटून धरले. खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता, आणि तो इतका वेळ ऐकू येणं हे दोघांनाही अपरिचित होतं. दाराबाहेरून कुणीतरी गाणं गुणगुणत गेलं. विश्वासरावांचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर एकटंच राहिलं, मग त्याला कुणी जोडीदार मिळेना म्हणून ओसरलं. त्यांनी चिठ्ठी पुन्हा, पहिल्या ओळीपासून वाचली.

"मृताला?" ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

"हायाशी-सान. आणि रघुजींनी चार झगे काल बदललेत. मी आता बघून आले, बरोबर आहेत."

"बघून आलीस? चिकपेटात? इतक्या सकाळी?"

"सहा वाजता."

त्यांनी बशी खाली ठेवली. थोडा चहा सांडला. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि सांडलेला चहा पुसत, तिच्याकडं न बघता, "चौघीच उभ्या राहतील. तुम्ही जा बाकावर." तुम्ही हा शब्द त्यांच्या तोंडून चुकून निघाला की विचार करून, हे तिला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं नाही.

पाहुणे सव्वाअकराला आले. दारापाशी चौघी उभ्या होत्या, डावी बाजू वर, आणि नीला मधोमध नसली तरी सगळे तिच्याकडंच बघत होते. सगळ्यांत वयस्कर पाहुणा एक शब्द बोलला, आनंदानं, ओढून. दुभाषी म्हणून बरोबर असलेल्या हायाशी-साननी इंग्रजीत सांगितलं: गोड, असं म्हणतात ते. मग मंडळी बाकांमधून फिरत वसुमतीपाशी आली. निळा कोट, डोळ्याला भिंग, उंच स्टुलावर अधांतरी पाय. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला, तितक्याच आनंदानं. वसुमतीचा हात थांबला नाही. तिला वाटलं, हा शब्द प्रत्येक भाषेत आपली वाट बघत बसलेला आहे. जाईन तिथं आधी जाऊन बसेल. तेवढ्यात हायाशी-सान जपानीत एक वाक्य बोलल्या. लहानसंच वाक्य. म्हाताऱ्यानं खिशातून स्वतःचं भिंग काढलं, वाकला, आणि तिच्या चिमट्याखालचं यंत्र बघायला लागला. पाऊण मिनिट बघत होता. त्याच्या कानामागच्या पांढऱ्या केसांना कापराचा वास होता. सरळ होऊन त्यानं मान लववली. तिला की यंत्राला, ते सांगता येणार नाही. हायाशी-सान काय म्हणाल्या ते तिनं नंतर विचारलं. "तुझ्या कामाबद्दल बोलले," त्या म्हणाल्या.

मंगळवारी मुलाखतीच्या रांगेत अठरा जणांत तिचा नंबर चौदावा. मुलाखत सतरा मिनिटं चालली. 'पास' झालेल्या नगांत तिला कुठले दोष दिसले ते व्यवस्थापकांनी विचारलं आणि तिनं तारखांसकट सांगितलं. बोलून झाल्यावर ती हसली नाही, आणि न हसता बोललेलं वाक्य समोरच्या टेबलावर किती वेळ पडून राहतं हे तिनं पाहिलं. पाहुण्या इंजिनियरनं दोन गोष्टी टिपून घेतल्या. विश्वासरावांनी काही विचारलं नाही. बुधवारी निवडलेल्यांची यादी लागणार होती, लागली नाही. घरी अम्मा म्हणाली, "नाही लागली तर राहू दे गं, तुझं कुठं अडलंय." अप्पा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अडलंय तिचं. म्हणून तर अर्ज केला." ते तिच्या बाजूनं असं कधी बोलले नव्हते, बोलून झाल्यावर त्यांनी पान उलटलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी काचेच्या खोलीचा शिपाई कल्लाप्पा एक झाकलेला ट्रे घेऊन तिच्या बाकाशी आला.

"काय आहे?"

"पंचवीस नग, अम्मा. बघून ठेवायचं म्हणे. घाई नाही."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"कुठल्या साहेबांनी?"

"गोत्तिल्ल, अम्मा," कल्लाप्पा म्हणाला, म्हणजे ठाऊक नाही, आणि जायला वळला. मग परत येऊन म्हणाला, "खोलीतले सगळे बघालेत हिकडं. मान वर करू नका."

तिनं मान वर केली नाही. झाकण काढलं. पंचवीसही नगांवर 'पास'चा शिक्का होता. म्हणजे परीक्षा तिची होती, किंवा काचेच्या खोलीची. दुपारी दोनपर्यंत तिनं पंचवीस पाहिले. तेवीस ठीक होते. सातव्यात स्प्रिंगचं टोक वाकलेलं होतं. एकोणिसाव्यात तिला दोष सापडत नव्हता, पण तो होता. तिनं तो तीनदा उघडला, चौथ्यांदा खिडकीकडं धरला, आणि मग चाकाच्या दाताला चिकटलेला, पापणीच्या केसाहून बारीक असा एक तंतू दिसला. दोन चिठ्ठ्या लिहून तिनं सही केली आणि ट्रे परत पाठवला.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच. ट्रे परत आलेला नाही. काचेच्या खोलीतून काही निरोप नाही. फलकावर यादी लागलेली नाही. पण दोन चिठ्ठ्यांवर, तपासनीसाच्या जागी, सही तिची आहे.